आफ्रिकन सफारी: कुठलं जंगल, कुठला महिना, किती दिवस? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईहून निघणारी बहुतेक मराठी मंडळी पहिल्या सफारीला केनिया किंवा टांझानियाला जातात, म्हणून इथे जास्त जागा त्या दोन देशांना दिली आहे. दक्षिणेकडचे देश आणि युगांडा-रवांडा ओघाने येतील. शुल्क आणि व्हिसाचे नियम बदलत राहतात. खाली आकडे दिलेत, पण पैसे भरण्याआधी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्याच.

पहिल्यांदाच जातोय. केनिया की टांझानिया?

हाताशी पाच-सहा दिवस असतील तर केनिया. मुंबई-नैरोबी थेट विमान सहा तासांच्या आसपास घेतं. नैरोबीहून मसाई मारा गाडीने पाच-सहा तासांवर आहे आणि विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने तासाभरावर. आठ-दहा दिवस असतील तर टांझानियाचा उत्तर भाग बघा: तरंगिरे, गोरोंगोरो, सेरेंगेटी. तिकडे अंतरं मोठी आहेत आणि खर्चही चढा, पण सेरेंगेटीचा विस्तार बघून माणूस गप्प होतो. क्षेत्रफळ १४,७६३ चौरस किलोमीटर. मसाई मारा राखीव क्षेत्र साधारण १,५१० चौरस किलोमीटर, म्हणजे सेरेंगेटीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याचं. पण याच आटोपशीरपणामुळे मारात कमी वेळात जास्त प्राणी दिसतात.

‘ग्रेट मायग्रेशन’ नेमकं कधी असतं? जुलैत गेलो की दिसेलच ना?

मायग्रेशन वर्षभर चालू असतं. वाइल्डबीस्टचे, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे, कळप पावसामागे, म्हणजे खरं तर कोवळ्या गवतामागे, सेरेंगेटी आणि मारा मिळून एक मोठा फेरा मारत राहतात. वाइल्डबीस्टची संख्या वर्षानुवर्षं तेरा लाखांच्या आसपास सांगितली जाते. त्यांच्याबरोबर झेब्रे आणि गॅझेल हरणंही लाखांच्या हिशेबात असतात. प्रश्न एवढाच, की तुम्ही जाल त्या महिन्यात ते कुठे असतील.

जानेवारी ते मार्च ते सेरेंगेटीच्या दक्षिण टोकाला, एनडुटूच्या आखूड गवताच्या मैदानात असतात. तिथली माती ज्वालामुखीच्या राखेची, त्यामुळे गवत खनिजांनी भरलेलं, माद्यांना दूध यायला उत्तम. फेब्रुवारीच्या आसपास दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं जन्मतात. सगळी एकदम जन्मली की सिंह, तरस, चित्ते खाऊन खाऊन किती खाणार? एप्रिल-मेमध्ये कळप वायव्येकडे सरकतात, जूनच्या सुमारास ग्रुमेती नदी गाठतात, आणि जुलै ते ऑक्टोबर मारा नदीच्या अल्याड-पल्याड असतात. नोव्हेंबरचा पाऊस लागला की परत दक्षिणेला.

नदी ओलांडण्याचा तो प्रसिद्ध प्रसंग जुलैअखेर ते सप्टेंबर या काळात दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त, पण ‘दिसेलच’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या एजंटावर विश्वास ठेवू नका. प्रत्यक्षात होतं असं: दोन-तीन हजार वाइल्डबीस्ट काठावर येऊन उभे राहतात. मागचे पुढच्यांना रेटतात. धुळीने आभाळ पिवळं होतं. पुढचा एखादा उतरतो, पाण्याला तोंड लावतो, आणि पल्याडच्या झुडपात काही हललं म्हणून सगळा जमाव उलटा पळतो. असं दोन-तीन तास चालतं. गाड्या वाऱ्याच्या खालच्या बाजूला, काठापासून लांब, इंजिन बंद करून उभ्या. कधी संध्याकाळपर्यंत एकही उतरत नाही, तर कधी तुम्ही डबा उघडायला मान खाली घालता आणि शंभर प्राणी पाण्यात असतात. म्हणून नदीसाठीच जात असाल तर नदीजवळ किमान तीन रात्री काढा.

आम्हाला सुट्टी फक्त मे महिन्यात, दिवाळीत नाहीतर नाताळात. मग?

हा प्रश्न मराठी घरांत सगळ्यात आधी यायला हवा, पण येतो बुकिंग झाल्यावर.

एप्रिल-मे हा पूर्व आफ्रिकेतला मोठ्या पावसाचा काळ. काळ्या मातीत गाड्या रुततात, गवत उंच वाढलेलं असतं आणि बऱ्याच कॅम्पांना कुलूप असतं. दर पडलेले असतात, म्हणून ‘मे स्पेशल’ पॅकेजं स्वस्त दिसतात. मेमध्येच जायचं असेल तर दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर बघा. तिथे पाऊस संपून कोरडा हिवाळा सुरू होत असतो आणि झाडोरा विरळ व्हायला लागतो. केनियाच हवं असेल तर शाळा उघडायच्या आधी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जमतंय का बघा.

दिवाळी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आली तर मारात कळप बऱ्यापैकी असतात आणि ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते. नोव्हेंबरात आली तर लहान पाऊस सुरू झालेला असतो, पण तो बहुधा दुपारी येऊन जातो, त्यात अडायला होत नाही. नाताळात केनिया-टांझानिया हिरवेगार आणि महाग. गणपतीच्या आसपास रजा मिळत असेल, आणि घरचा गणपती सोडून जायची छाती असेल, तर मारा नदीसाठी तो सर्वोत्तम काळ.

एका आठवड्यात किती पार्क होतील?

दोन. फार तर तीन. ‘सात दिवसांत सहा पार्क’ अशी जाहिरात असते तिथे तुमचा निम्मा वेळ नाकुरू किंवा नारोकच्या रस्त्यावर ट्रकमागे जातो. प्राणी दिसतात ते पहाटे साडेसहा ते दहा आणि दुपारी चारनंतर. रोज सकाळी बॅगा भरून निघालात तर हे दोन्ही वेळ प्रवासात गेले. एकाच जागी तीन रात्री राहिलं की ड्रायव्हर-गाईडला कळतं, की सिंहांचा कळप कुठे आहे, बिबट्याने शिकार कुठल्या झाडावर ओढून ठेवली आहे, चित्त्याच्या मादीची पिल्लं कुठल्या वारुळाजवळ खेळतात. दुसऱ्या दिवशी तो तुम्हाला सरळ तिथे नेतो.

मसाई मारात ‘रिझर्व्ह’ आणि ‘कन्झर्व्हन्सी’ यात फरक काय?

मुख्य राखीव क्षेत्र नारोक काउंटीच्या सरकारकडे आहे. त्याचा नदीपलीकडचा पश्चिम भाग, मारा ट्रँगल, २००१ पासून मारा कन्झर्व्हन्सी ही ना-नफा संस्था सांभाळते. तिथले रस्ते आणि शिस्त दोन्ही बरी आहेत. राखीव क्षेत्रात रस्ता सोडून गाडी नेता येत नाही, अंधार पडायच्या आत परतावं लागतं, आणि हंगामात एका बिबट्याभोवती तीस गाड्या जमलेल्या दिसतात.

राखीव क्षेत्राला लागून मसाई लोकांच्या मालकीच्या जमिनी आहेत. त्या एकत्र करून भाड्याने दिल्यावर नबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ अशा खासगी कन्झर्व्हन्सी उभ्या राहिल्या. भाडं थेट जमीनमालक कुटुंबांना मिळतं. तिथे फक्त तिथल्याच कॅम्पांच्या पाहुण्यांना प्रवेश. एका प्राण्याजवळ मोजक्या गाड्या, रात्रीची सफारी, हत्यारी गाईडबरोबर पायी फेरी, हे सगळं होतं. महाग आहे. पण चार रात्रींपैकी दोन कन्झर्व्हन्सीत काढल्या तर फरक पहिल्याच संध्याकाळी कळतो. गरम हवेच्या बलूनमधून जंगलावर मारायच्या फेरीला माणशी चारशे डॉलरच्या पुढे मोजावे लागतात. त्या पैशांत कन्झर्व्हन्सीतली एक रात्र वाढवता येत असेल तर मी रात्र वाढवेन.

मारातून थेट सेरेंगेटीत जाता येतं का? नकाशावर तर लागूनच आहे.

प्राण्यांना येतं, पर्यटकांना नाही. दोन्ही जंगलांच्या मधल्या हद्दीवर प्रवाशांसाठी नाका नाही. रस्त्याने इसेबानियाच्या सीमानाक्याला वळसा घालावा लागतो, सीमेवर बहुधा गाडी बदलते आणि अख्खा दिवस जातो. छोट्या विमानांनीही सीमेवर उतरून, शिक्के मारून पुढे जावं लागतं. एकाच सहलीत दोन्ही करण्याचा अट्टाहास नको. जंगल एकच आहे.

गोरोंगोरो बघायलाच हवं का? तो एक खड्डा आहे म्हणे.

खड्डाच आहे, पण सुमारे ६०० मीटर खोल आणि तळाशी २६० चौरस किलोमीटरचा. प्राचीन ज्वालामुखी आत कोसळून तयार झालेला. तळाला गवताळ मैदान, खारं तळं, थोडं जंगल, आणि सिंह, हत्ती, रानरेडे, पाणघोडे, काळे गेंडे सगळे एका नजरेच्या टप्प्यात. जिराफ मात्र नाहीत. एवढे उभे कडे ते उतरत नाहीत. खाली मुक्कामाची सोय नाही, राहायचं कड्यावर. कडा २,३०० मीटर उंचीवर, त्यामुळे सकाळी धुकं आणि चांगलीच थंडी. खाली उतरायला दर गाडीमागे करासह २९५ डॉलर वेगळे लागतात, म्हणून गाडीत चार-पाच जण असले की परवडतं.

एक सूचना. तळाशी एनगोइटोकिटोक नावाच्या तळ्याकाठी जेवणाची जागा आहे. तिथे घारी वरून टपलेल्या असतात. हातातलं सँडविच कधी गेलं ते बोटावर ओरखडा दिसल्यावर कळतं. गाडीतच जेवा.

मी सांगेन: एक सकाळ गोरोंगोरोला द्या, जास्त नको. हा अनुभव भव्य आहे, पण थोडा बंदिस्त. त्याऐवजी जून ते ऑक्टोबरमध्ये जात असाल तर तरंगिरेला एक रात्र वाढवा. नदीकाठी हत्तींचे मोठमोठे कळप आणि मागे गोरखचिंचेची अजस्र झाडं. वसई किंवा मुंबईत गोरखचिंचेचं एखादं झाड पाहिलं असेल. इथे माळच्या माळ त्याच झाडांचे आहेत.

किलिमांजारोसमोर हत्ती, तो फोटो कुठला?

अंबोसेलीचा. पर्वत (५,८९५ मीटर) टांझानियात आणि फोटो केनियातून. डोंगरावरचं पाणी जमिनीखालून येऊन अंबोसेलीत दलदलीच्या रूपाने वर येतं, म्हणून आजूबाजूला धूळ उडत असताना हत्ती पोटापर्यंत हिरव्या पाण्यात उभे असतात. सिंथिया मॉस यांनी १९७२ पासून इथल्या हत्तींच्या कुटुंबांचा अभ्यास चालवला आहे आणि हे हत्ती माणसांना सरावलेले आहेत. ते गाडीच्या अगदी जवळून जातात. शिखर दिसतं पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमाराला. नऊ-दहा वाजले की ढगात. एकच रात्र राहिलात आणि ती सकाळ ढगाळ निघाली तर संपलं, म्हणून दोन रात्री.

त्सावोला कोणी जात नाही का?

जातात, मोंबासाच्या किनाऱ्याबरोबर जोडून. पूर्व त्सावो आणि पश्चिम त्सावो मिळून वीस हजार चौरस किलोमीटरहून मोठं जंगल. माती लाल, म्हणून धुळीत लोळणारे हत्तीही लाल. प्राणी विखुरलेले, गाड्याही कमी. इथल्या त्सावो नदीवर १८९८ मध्ये रेल्वेचा पूल बांधताना दोन सिंहांनी मजुरांचे बळी घेतले, आणि त्या मजुरांत मोठा भरणा हिंदुस्थानातून नेलेल्या कामगारांचा होता. ते दोन सिंह भुसा भरलेल्या रूपात आज शिकागोच्या संग्रहालयात आहेत. नैरोबी-मोंबासा नवी रेल्वे याच जंगलातून जाते. खिडकीतून हत्ती दिसतात.

गेंडा हमखास कुठे दिसेल?

मारात गेंडे मोजकेच आहेत, तिथे नशिबावर ठेवू नका. केनियात नाकुरू तळं किंवा ओल पेजेटा कन्झर्व्हन्सी. नाकुरूच्या तळ्याचं पाणी वाढल्यापासून रोहित पक्ष्यांचे ते गुलाबी थवे बरेचसे दुसरीकडे, बोगोरियासारख्या तळ्यांवर पांगले. पोस्टकार्डावरचं नाकुरू डोळ्यांपुढे ठेवून जाऊ नका. गेंड्यांसाठी मात्र ते अजूनही उत्तम. ओल पेजेटात नाजिन आणि फातू या मायलेकी आहेत, जगातल्या शेवटच्या दोन उत्तरी पांढऱ्या गेंड्याच्या माद्या. शेवटचा नर, सुदान, २०१८ मध्ये गेला.

आणि नैरोबीतच अर्धा दिवस मोकळा असेल तर नैरोबी नॅशनल पार्क. १९४६ साली स्थापन झालेलं, ११७ चौरस किलोमीटरचं, शहराला चिकटून. मागे उंच इमारती आणि पुढे काळा गेंडा, हे दृश्य जगात फार ठिकाणी नाही. हत्ती तिथे नाहीत.

ताडोबा, पेंच बरेचदा केलंय. तिकडे काय वेगळं?

आपल्याकडे सफारी बरीचशी कानाने चालते. सांबराचा कॉल, वानराचा कॉल, मग वाट बघणं. मारात मोकळं मैदान, त्यामुळे सगळं डोळ्यांवर. गाईड वारुळावर चढून उभ्या असलेल्या ‘टोपी’ नावाच्या हरणाकडे बघतो. ते आणि जवळचे दोन जिराफ एकाच दिशेला एकटक बघत असतील तर तिकडे काहीतरी आहे. रेडिओवर स्वाहिलीत ‘चुई’ ऐकू आलं, की बिबट्या. ‘दुमा’ म्हणजे चित्ता. ‘किफारू’ म्हणजे गेंडा. हे तीन लक्षात ठेवले तरी गाडी अचानक का वळली ते कळतं.

दुसरं, गाडी बंदिस्त लँड क्रूझर असते, छत वर उचललं जातं, उभं राहून बघता येतं. गेटची सकाळ-दुपार अशी पाळी नाही, जेवण बांधून घेऊन दिवसभर आत राहता येतं. वाघ अर्थातच नाही.

स्वतः गाडी चालवत फिरता येईल का?

क्रूगर आणि नामिबियातलं एटोशा, ही दोन नावं. क्रूगरचा गाभा असलेलं साबी राखीव क्षेत्र १८९८ चं, राष्ट्रीय उद्यान १९२६ चं. डांबरी रस्ते, कुंपण घातलेले मुक्काम कॅम्प, पेट्रोल पंप, दुकान, सगळं आत. गाडी आपल्यासारखीच डावीकडून. वेगमर्यादा डांबरीवर ५०, मातीच्या रस्त्यावर ४०. ठरलेल्या जागा सोडून खाली उतरायचं नाही आणि कॅम्पचं गेट बंद व्हायच्या आत पोचायचं, नाहीतर दंड. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. पहाटे गेट उघडताच निघा: रात्रीची ऊब धरून ठेवणाऱ्या डांबरावर सिंह पसरलेले सापडतात. पैसे असतील तर शेवटच्या दोन रात्री शेजारच्या साबी सँड या खासगी क्षेत्रात काढा. मध्ये कुंपण नाही, प्राणी तेच, पण बिबट्या जितक्या जवळून तिथे दिसतो तितका क्वचितच कुठे दिसत असेल.

एटोशात सगळा खेळ पाणवठ्यांचा. ओकाउकुएजो कॅम्पच्या पाणवठ्यावर रात्रभर दिवा असतो. बाकावर बसायचं आणि कोण येतं ते बघायचं.

बोट्सवाना एवढं महाग का?

पर्यटक कमी आणि दर जास्त, हे सरकारचं ठरवलेलं धोरण आहे. ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशात बरेच कॅम्प फक्त विमानाने गाठता येतात. तिथली गंमत अशी, की अंगोलातल्या पावसाचं पाणी काही महिने वाहत येऊन ऐन कोरड्या ऋतूत, जून ते ऑगस्टमध्ये, इथे पूर आणतं. सगळीकडे रखरखाट आणि इथे तुम्ही लाकडी मोकोरो होडीतून कमळांमधून जाताय. आफ्रिकी रानकुत्रे बघायचे असतील तर इथलं मोरेमी किंवा झांबियातलं साउथ लुआंग्वा. खिसा हलका असेल तर चोबे: कसाने गावात राहून होडीतून हत्ती बघता येतात.

गोरिला?

ती सफारी वेगळी, चिखलातली चढण आहे. युगांडातल्या बविंडीत परवाना ८०० डॉलर, रवांडात १,५०० डॉलर. एका गटात आठ माणसं, गोरिलांजवळ एक तास, वय किमान पंधरा. गुडघे दुखत असतील तर आधी डॉक्टरांशी बोला.

खर्च नेमका कशात जातो?

प्रवेशशुल्क, गाडी आणि मुक्काम. विमानाचं तिकीट या तिघांपुढे किरकोळ वाटायला लागतं. मसाई मारात परदेशी प्रौढाला २०२४ पासून जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर पडतात. चौघांच्या कुटुंबाने ऑगस्टमध्ये तीन दिवस काढले तर नुसत्या शुल्काचा हिशेब करून बघा. कोटेशन आलं की शुल्क त्यात धरलंय का, गाडी फक्त तुमची आहे की दुसऱ्यांबरोबर वाटून, आणि मुक्काम गेटच्या आत की बाहेर, हे तीन प्रश्न लेखी विचारा. ड्रायव्हर-गाईडला टिप द्यायची पद्धत आहे. डॉलरच्या नोटा २००९ नंतरच्या ठेवा, जुन्या बरेचदा घेत नाहीत.

व्हिसा आणि यलो फीवरचं इंजेक्शन?

केनियाला २०२४ पासून ऑनलाइन ईटीए, म्हणजे निघण्याआधी घ्यायची प्रवास-परवानगी. टांझानियाचा ई-व्हिसा. केनिया, युगांडा, रवांडा मिळून १०० डॉलरचा एक सामाईक व्हिसा आहे, त्यात टांझानिया नाही.

यलो फीवरची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. खरी अडचण येते ती परतताना: केनिया-युगांडातून आलेल्याकडे प्रमाणपत्र नसेल तर आपल्याकडेच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. केनियातून टांझानियात शिरतानाही ते मागतात. साठीच्या पुढचे, गरोदर स्त्रिया, अंड्याची अॅलर्जी असणारे यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या.

शाकाहारी जेवण मिळतं? खाऊ न्यावा का?

नैरोबी आणि टांझानियातल्या अरुशात गुजराती वस्ती जुनी आहे, त्यामुळे डाळ, भाजी, चपाती लॉजवाल्यांना नवी नाही. जैन जेवण आधी कळवलं तर करतात. खाऊ न्या, पण प्लास्टिकच्या पिशवीत नको. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, केनियाच्या जंगलांत एकदाच वापरायच्या बाटल्याही चालत नाहीत. चिवडा-चकल्या सरळ डब्यात भरा.

कपडे आणि बॅगा?

जुलैत मारात पहाटे स्वेटर आणि कानटोपी दोन्ही लागतात. ‘आफ्रिका म्हणजे उकाडा’ म्हणून नुसते टी-शर्ट नेणारे पहिल्याच सकाळी लॉजच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेले दिसतात. निळे आणि काळे कपडे टाळा, त्सेत्से माश्या या रंगांवर येतात आणि त्यांचा चावा जीन्समधूनही लागतो. छोट्या विमानात सामानाची मर्यादा साधारण १५ किलो, तीही मऊ बॅगेत. चाकांची कडक सुटकेस नैरोबीच्या हॉटेलात ठेवून जा. ड्रोन घरीच ठेवा, केनियात परवानगीशिवाय जप्त होतो.

लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर आहेत.

सहा वर्षांखालच्या मुलांना काही कॅम्प घेत नाहीत, पायी सफारीला तर बारा किंवा त्याहून जास्त वय लागतं. ज्येष्ठांसाठी खरी अडचण रस्ते. सहा तास हाडं खिळखिळी करणाऱ्या प्रवासाऐवजी मारापर्यंत विमान घ्या आणि गाडीत त्यांना मधल्या सीटवर बसवा, मागच्या चाकावर नको. दर दोन तासांनी उतरायची सोय कुठे आहे ते गाईडला सकाळीच विचारा. झुडपामागे जायचं झालं तर आधी तो जाऊन बघून येतो, मग तुम्ही.